भिंतीपलीकडचं स्टेशन

१

दुपारचे अडीच वाजले की माझा मिक्सर सुरू होतो. संध्याकाळी पंधरा डबे जायचे असतात. पुण्या-नागपुराकडची आयटीतली पोरं, घरी आईने कधी गॅसजवळ उभं केलेलं नाही, त्यांचे डबे. अमेरिकेत येऊन बावीस वर्षं झाली, पण मिक्सर अजून अकोल्याचाच आहे. इथला करंट त्याला पुरत नाही, म्हणून शेजारी विटेएवढा, पण चार विटांच्या वजनाचा ट्रान्सफॉर्मर ठेवावा लागतो. तो घुं करतो आणि मिक्सर घर्रर्र. आमचे हे म्हणतात, "शॉमबर्गला विमानतळ नाही ही उणीव वीणाने भरून काढली."

आमची घरं जोडघरं. मधली भिंत एकच, तीही लाकडी चौकटीवर पुठ्ठ्यासारखे पत्रे ठोकलेली. पलीकडे कुणी शिंकलं तर अलीकडून 'शतायुषी भव' म्हणावं. मी म्हणतही असे.

फेब्रुवारीतली गोष्ट. बाहेर बर्फ साचलेलं. मी खोबरं वाटत होते, आणि भिंतीवर आवाज आला.

टक टक. जरा थांबून परत, टक टक.

मी मिक्सर बंद केला. 

चहात साखर ढवळून झाली की त्याच चमच्याने भिंतीवर दोनदा टकटक करायचं, म्हणजे 'चहा टाकलाय, ये', ही खूण शेजारच्या नीलाताईंची. अकरा वर्षं त्यांनी मला असंच बोलावलं. आणि नीलाताईंना जाऊन चार महिने झाले होते.

मी तशीच, कोट न घालता, चपला घालून बर्फातून शेजारी गेले. दार त्यांच्या मिस्टरांनी, एकनाथरावांनी उघडलं. हातात चमचा.

"घाबरवलं का, वहिनी?" ते ओशाळून हसले. "नीला अशीच बोलवायची ना तुम्हाला? म्हटलं, बघावं अजून चालतंय का."

"चालतंय की," मी म्हटलं.  "चहा कुठाय?"

"चहा नाही. रेडिओ आहे."

२

रेडिओ नीलाताईंच्या माहेरचा, नागपूरचा. टेबलभर पसरलेलं लाकडी धूड. पुढे काच, काचेवर गावांची नावं छापलेली: दिल्ली, मुंबई, नागपूर, कोलंबो. आत व्हॉल्व्ह, म्हणजे छोट्या बाटल्यांसारखे काचेचे दिवे. आणि नावांच्या वर एक गोल हिरवा डोळा, त्यात मधोमध काळी फट. स्टेशन जसं नीट लागत जाईल तशी ती फट मिटत जाते, असं त्यांनी मला समजावलं.

"दर खेपेला म्हणायची, एवढा माझा रेडिओ घेऊन जाऊ. आणि दर खेपेला मी म्हणायचो, एवढं धूड कोण नेणार." ते काचेवरची नसलेली धूळ पुसत म्हणाले. "जानेवारीत अस्थी घेऊन गेलो. येताना हा मांडीवर घेऊन आलो. बघा आता."

एकनाथराव आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस. स्क्रू उजवीकडे फिरवायचा की डावीकडे, इथून सुरुवात. तरी महिनाभर ते त्या रेडिओच्या मागे लागले होते. नेटवर अमेरिकन म्हाताऱ्यांचे व्हिडिओ बघायचे आणि ते सांगतील तसं करायचे. पडद्याच्या दांडीवरून एरियलची तार नेली. बटणांचे सांधे औषध मारून साफ केले. कुणाकडून तरी तीन व्हॉल्व्ह मागवून बदलले. तरी रेडिओ क्षीणच. नुसती खरखर, आणि खरखरीच्या तळाशी काहीतरी.

"वहिनी, कुणीतरी आहे त्यात," ते म्हणाले. "फक्त पकडत नाही."

मी मागे जाऊन डोकावले. डोकावणं हा माझा स्वभावच. आणि मला तिथेच कळलं. व्हॉल्व्ह कसे, तर निखारा विझत आल्यासारखे, तांबूस. एकदा मी ट्रान्सफॉर्मर विसरून मिक्सर थेट इथल्या भिंतीत लावला होता, तेव्हा तो असाच आजाऱ्यासारखा फिरला होता. एकनाथरावांनी रेडिओला इथली पिन लावली होती फक्त. पिन बदलली म्हणजे झालं, असं त्यांना वाटलं. आणि ते अमेरिकन म्हातारे कशाला सांगतील की करंट अर्धाच आहे म्हणून? त्यांचे रेडिओ इथलेच.

बारावी पास बाईला कळलं आणि प्रोफेसरना नाही, म्हणून मला हसू आलं. "अहो एकनाथराव, ह्याला माझा..." असं मी म्हटलंही.

तेवढ्यात हिरव्या डोळ्यातली फट थोडी मिटली.

"बघा, बघा!" ते म्हणाले. "तुम्ही जवळ आल्यावर पकडलं!"

खरखरीच्या खालून आवाज येत होता. अगदी बारीक.

टक टक. जरा थांबून, टक टक.

"काय म्हणत होतात? ह्याला तुमचं काय?"

"काही नाही," मी म्हटलं. "माझ्याकडे जुनं मऊ फडकं आहे, पुसायला. ते आणते म्हटलं."

३

आता मी जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगते.

सप्टेंबरात महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी एक आगाऊपणा केला. नीलाताईंच्या लेकीचं, राधिकाचं, नवऱ्याशी बिनसलंय, हे मला भिंतीतून कळलं होतं. मी ते तिथे दोघीजणींच्या कानावर घातलं. काळजीनेच घातलं, पण घातलं. आठवड्यात ते फिरून नीलाताईंकडे पोचलं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "वीणे, तुझं नाक जरा तुझ्याच घरात ठेव."

मला फार लागलं. चूक माझी होती म्हणून जास्तच. त्यानंतर बारा दिवस भिंत गप्प होती. मी ठरवलं होतं, आता त्यांनी बोलावल्याशिवाय जायचं नाही. आणि बोलावलं तरी लगेच जायचं नाही.

ऑक्टोबरातला गुरुवार. मी चटणी वाटत होते. भिंतीवर टकटक आली. मी मिक्सर थांबवला. परत आली. माझ्या मनात आलं ते जसंच्या तसं लिहिते: आल्या का वळणावर! बसू देत जरा वाट बघत.

आणि मी मिक्सर सुरू केला.

संध्याकाळी एकनाथराव लायब्ररीतून आले तेव्हा नीलाताई स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या. हातात चमचा होता. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, क्षणात गेल्या, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. एकनाथराव येईल त्याला हेच सांगायचे. "क्षणात गेली. कळलंसुद्धा नाही तिला." त्या एका वाक्याला धरून तो माणूस उभा होता.

मीही तेव्हा मान हलवायचे. पण मला एक आठवत होतं. रोजची टकटक माझ्या खांद्याच्या उंचीवर यायची. त्या दिवशीची खालून आली होती.

४

फेब्रुवारीतल्या त्या दिवसानंतर रोज दुपारी एकनाथरावांचा चमचा वाजू लागला. मी नाही गेले तर दोनदा, तीनदा.

"तुम्ही नसलात की नुसती खरखर," एकनाथराव म्हणायचे. "तुमच्यात काय आहे कोण जाणे! बसा तिथे. हलू नका."

मी ह्यांना सांगितलं. लॅपटॉपमधून मान वर न काढता हे म्हणाले, "त्यात काय! माणसाच्या अंगात पाणी असतं. माणूस म्हणजे एरियलच. माझे वडील ट्रान्झिस्टरला हात लावून कॉमेंट्री ऐकायचे."

"मग एकनाथरावांच्या अंगात पाणी नाही?"

"तुझ्या अंगात जास्त असेल." आमची लेक अनिका जिन्यावरून फिस्सकन हसली. "ममा इज द फाइव्ह-जी टॉवर!"

मीही हसले. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम करून पाहिलं. एकनाथराव वर चष्मा आणायला गेले, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. पाऊल आत टाकलं, फट मिटली. पाऊल मागे घेतलं, उघडली. पोस्टमन पार्सल घेऊन आला तेव्हा त्यालाही 'जरा टेबल सरकवायला हात द्या' म्हणून आत घेतलं. उंचापुरा, धिप्पाड माणूस. पाणी माझ्या दुप्पट असेल. डोळा हलला नाही.

मग मी काटा फिरवला. दिल्ली, मुंबई, नागपूर, कोलंबो. सगळीकडे तेच. टक टक. आणि आता त्याच्या मागे आणखी एक आवाज होता, दुरून आल्यासारखी एकसुरी घरघर. एकनाथराव म्हणाले, "ही घरघर काढायला हवी. कुठलातरी कपॅसिटर गेला असणार." मी हो म्हटलं. ती घरघर मला ओळखीची वाटत होती. कुठली ते मी स्वतःला आठवू देत नव्हते.

त्या दिवशी माझ्या हातून चमचा पडला. उचलायला वाकले तर टेबलाखाली, आमच्या सामाईक भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, रंगात बारीक बारीक खळगे दिसले. नखाएवढे अर्धगोल. एक-दोन नव्हेत. एकावर एक, कितीतरी.

मी टेबल भिंतीला लागून सरकवलं, खळगे झाकले जातील असं. म्हटलं, "इथे ऊन चांगलं येतं, एकनाथराव."

५

मार्चच्या शेवटी राधिका त्यांना आपल्याकडे मॉरिसव्हिलला घेऊन जाणार होती. कायमचं. घर विकायला काढलं होतं.

एकनाथराव फार वाळले होते. मी डबा द्यायचे तो तसाच परत यायचा. कान स्पीकरला लावून बसायचे, गालावर त्या जाळीच्या कापडाची नक्षी उमटलेली असायची.

"वहिनी, एक सांगू? हसणार नाही ना?"

"सांगा."

"ती आहे त्यात. मला शब्द हवेत असं नाही. पण ती काहीतरी म्हणतेय आणि मला नीट ऐकू येत नाही, हे सहन होत नाही. आयुष्यभर हेच झालं. ती बोलायची, मी पेपरात." त्यांनी चष्मा काढला. "जायच्या आधी एकदा नीट ऐकायचं आहे. मग हा नाही वाजला तरी चालेल."

मी घरी आले. ओट्यावर माझा ट्रान्सफॉर्मर होता. पाहिलं की पाहवेना. तीन दिवस मी मिक्सर लावला नाही, पोरांना चटणीऐवजी लोणचं दिलं. मनाशी म्हणायचे, ते जातील मॉरिसव्हिलला, रेडिओही जाईल. तिथे मी नसणार, म्हणजे खरखरच राहील. 'क्षणात गेली' हे वाक्य त्यांच्याजवळ शाबूत राहील. आणि माझं गुपितही.

चौथ्या दिवशी त्यांनी चमचा वाजवला. टक टक. मी बसून राहिले. परत, टक टक. आणि मला जाणवलं की मी अगदी तशीच बसलेय. तस्सीच.

मी ट्रान्सफॉर्मर कडेवर घेतला, लेकरासारखा, आणि गेले.

६

"हे हो काय?"

"ह्याला पूर्ण करंट मिळतच नव्हता. भारतातला आहे तो. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. "मग बोलला का नाहीत?"

मी पिन लावली. ट्रान्सफॉर्मर घुं करू लागला. व्हॉल्व्ह तांबूस होते ते केशरी झाले, मग पिवळे. काच उजळली. गावांची नावं वाचता येऊ लागली. हिरव्या डोळ्यातली फट हळूहळू मिटली, पूर्ण मिटली, आणि खरखर थांबली.

आता रेडिओतून जे येत होतं ते स्टेशन नव्हतं. ती एक खोली होती. फ्रिजची गुणगुण. नळाचा थेंब. आणि भिंतीपलीकडे मिक्सर.

टक टक.

इतकं जवळून आलं की एकनाथराव टेबलाखाली बघायला वाकले. टेबल त्यांनी बाजूला सरकवलं. त्यांना खळगे दिसले. बराच वेळ ते वाकलेलेच राहिले.

टक टक.

रेडिओतला मिक्सर थांबला.

किती शांत झालं ते मला सांगता येणार नाही. त्या शांततेत कुणीतरी श्वास घेत होतं, ओढून ओढून. आणि भिंतीपलीकडे, मिक्सरच्या बटणावर हात ठेवून, कुणीतरी ऐकत होतं.

मग मिक्सर पुन्हा सुरू झाला.

"वहिनी," एकनाथराव म्हणाले, "हा तुमचा मिक्सर."

"हो."

"तुम्ही बंद केला होता."

"हो."

"म्हणजे ऐकू आलं होतं."

"हो. मला वाटलं, चहाला बोलावताहेत. मी रागावले होते. मला वाटलं, थोडं थांबू देत."

"डॉक्टर म्हणाले होते..."  मग त्यांनी एक खुर्ची माझ्याकडे ढकलली. आवाज चढला नाही. "बसा. आता तरी बसा."

आम्ही बसलो. ती टकटक चालू होती. कधी दोन, कधी एक, कधी इतक्या वेळाने की वाटावं झालं, आणि मग परत. खिडकीतलं ऊन टेबलावरून फरशीवर उतरलं, फरशीवरून भिंतीवर चढलं. एकनाथराव जमिनीवर बसले होते, खळग्यांजवळ, त्यांवर बोटं ठेवून. दर टकटकीला त्यांची बोटं हलायची.

मग ती थांबली. आम्ही वाट बघितली. भिंतीपलीकडून एका बाईचं हसणं ऐकू आलं, मोठ्याने, मजेत. त्या दिवशी चटणी झाल्यावर मी शुगर लँडच्या मैत्रिणीला, अस्मिताला, फोन लावला होता.

एकनाथरावांनी बटण बंद केलं. उठताना त्यांनी माझा आधार घेतला, आणि मी आणखीच मेले.

दारात म्हणाले, "ट्रान्सफॉर्मर ठेवून जा."

७

मॉरिसव्हिलला जाताना ते रेडिओ आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही घेऊन गेले. मी डब्यात दशम्या दिल्या होत्या, त्या मात्र घेतल्या नाहीत. मी 'या हं परत' म्हटलं.  राधिकाने गाडीची काच वर केली. तिला कळलंय की नाही, मला माहीत नाही.

माझा मिक्सर ओट्यावर आहे, पण बिनकामाचा. हे म्हणाले, "दुसरा ट्रान्सफॉर्मर मागवू." मी नको म्हटलं. इथला छोटा ग्राइंडर आणलाय. त्यात कॉफीच्या चार बिया नीट वाटल्या जात नाहीत, चटणी कसली!

शेजारचं घर अजून विकलं गेलं नाही. किल्ली माझ्याकडे असते. राधिकाने एजंटसाठी ठेवलीय. दुपारी हे ऑफिसात, अनिका कॉलेजात. घरात मी एकटी.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी, टकटक झाली. खालून.

ह्या खेपेला मी नाही थांबले. गॅस तसाच टाकून पळाले, हात पिठाचे. किल्ली लावली. रिकाम्या घरात पावलांचा आवाज फार होतो. स्वयंपाकघरात काही नव्हतं. नुसती भिंत आणि खळगे. "आले, नीलाताई," मी म्हटलं. "आले बघा." खळग्यांजवळ जमिनीवर बसले. तिथे एक चमचा पडलेला होता. एकनाथराव विसरले असतील. मी उचलला. गरम होता. ऊन येतं तिथे.

आणि तेव्हा भिंतीपलीकडून मिक्सर सुरू झाला.

माझ्या घरातून. माझा मिक्सर, तोच घुं आणि घर्रर्र. त्याला ट्रान्सफॉर्मर नाही, आणि घरात कुणीही नाही. मी मनाशी म्हटलं, छोटा ग्राइंडर चालू राहिला असेल. पण बावीस वर्षं ज्या आवाजाने हात बधिर होतात तो आवाज बाईला कळतो.

मी चमच्याने भिंतीवर दोनदा वाजवलं. का वाजवलं, सांगता येत नाही. हात जिथे पोचला तिथे वाजवलं, खालीच.

मिक्सर थांबला.

तिकडे कुणीतरी ऐकत होतं. मी पुन्हा वाजवलं. म्हटलं, ये गं वीणे, रुसू नको, ये. दहा पावलं आहेत फक्त.

मग मिक्सर सुरू झाला.

आता मी रोज जाते. अडीचला टकटक झाली की पोळी तव्यावर असली तरी जाते, त्याच जागी बसते, आणि चमचा वाजवते. रोज मिक्सर थांबतो. रोज मी श्वास रोखून धरते. एकदा तरी पलीकडे चपलांचा आवाज होईल, दार उघडेल, कुणी कोट न घालता धावत येईल. मला ठाऊक आहे ती कशी आहे. मनाने वाईट नाही ती. तिला वाटतंय, चहालाच बोलावताहेत.